खेळाच्या तासाला बसलेली मुलगी

माझ्या नोकरीतली एक गोष्ट मी बराच काळ कोणाला सांगितली नव्हती. पहिलीतल्या एका मुलीला मी खेळाच्या तासाला खुर्चीला बांधून ठेवलं होतं. माझ्याच ओढणीनं, पोटाजवळून, सैल गाठ मारून. गाठ सैल होती, हे तेव्हा मी स्वतःला बऱ्याचदा सांगत असे.

रिठदच्या पुढे एका लहान गावात ती शाळा होती. जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. शिक्षक आम्ही दोघंच. मुख्याध्यापक सर निवृत्तीला आलेले, म्हणून तिसरी-चौथी आणि सगळे कागद त्यांच्याकडे. पहिली-दुसरी आणि मैदान माझ्याकडे. मी वाशिमहून स्कूटीवर यायची. मैदान माझ्याकडे आलं याचा मला आनंदच होता. माझं माहेर धनजकडचं. शाळेत आणि पुढे डी.एड.ला मी खो-खो खेळले होते, आणि आपल्या शाळेतली मुलं तालुक्याला जिंकून यावीत अशी मला फार हौस होती.

त्या जूनमध्ये एक बाई कडेवर मुलगी घेऊन शाळेत आली. मला वाटलं अंगणवाडीचं लेकरू आहे, चार वर्षांचं असेल. पण मुलीला सातवं लागलं होतं. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर, पाय धनुष्यासारखे वाकलेले. मागून तिचे वडील आले. त्यांनी अकोल्याच्या दवाखान्याची फाइल माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, हिले शिकू द्या," ते म्हणाले. "पन हिले कोनी हात लावू नका. काच हाय ही, काच."

हाडं ठिसूळ असण्याचा आजार होता तो, जन्मापासूनचा. तोवर तिची हाडं किती वेळा मोडली हे आईनं बोटांवर मोजलं आणि एका हाताची बोटं पुरली नाहीत. दर काही महिन्यांनी अकोल्याला नेऊन सलाईनमधून औषध द्यावं लागायचं. फाइल मी चाळली, मुख्याध्यापक सरांपुढे ठेवली. सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमच्या वर्गात हाय. काही झालं तर आपल्याला कोनी सोडनार नाही."

या एका वाक्यानं माझं सगळं ठरवून टाकलं. त्या मुलीला काय येतं, काय आवडतं, हे मी विचारलंच नाही. माझ्या हद्दीत तिचं काही मोडू नये, एवढंच मी ठरवलं.

हात असलेली एक प्लास्टिकची खुर्ची मी व्हरांड्यात ठेवली. खेळाच्या तासाला तिची आई किंवा मी तिला उचलून त्या खुर्चीत बसवायचो. पहिले काही दिवस ती नुसती बघत राहिली. मग बोलायला लागली. तिचा आवाज तिच्या अंगाच्या मानानं भलताच मोठा होता.

"मॅडम, त्यानं पाय बाहेर टाकला."

"मॅडम, हे खोटं हाय, ती आउट झालती."

तिचं बहुतेक वेळा बरोबर असायचं. हळूहळू मुलं भांडण झालं की माझ्याकडे न येता तिच्याकडेच जायला लागली. मी तिला पंच म्हणायला लागले. वहीत लिहिलं, 'खेळात पंच म्हणून सहभाग.' ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

एक दिवस मुलं रबरी चेंडूनं खेळत होती. चेंडू घरंगळत व्हरांड्याकडे गेला. मी दुसरीकडे कोणाची तरी सुटलेली नाडी बांधत होते. वर पाहिलं तर खुर्ची रिकामी. ती खुर्चीतून उतरून बसल्या बसल्या हातांवर पुढे सरकत व्हरांड्याच्या कडेला पोचली होती. तिनं चेंडू उचलला, हात डोक्यामागे नेला आणि फेकला. चांगला लांब गेला. ती हसत होती. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मी ओरडत धावले.

काय ओरडले ते आठवत नाही. तिनं दोन्ही हात छातीशी घेतले आणि डोळे मिटले, ते आठवतं. मार बसणार असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी ओढणी बांधली. सीट बेल्ट आहे, असं तिला म्हणाले. तिनं विचारलं, "मले सोडायले कोन येईन?" मी म्हणाले, "मी हाय ना."

महिनाभर तरी हे चाललं. बांधलेली असताना ती पंच व्हायची नाही, नुसती बसून राहायची. मला ते दिसत होतं. मग एकदा मधल्या सुट्टीत मोठ्या मुली आपसात एक खेळ खेळताना दिसल्या. एक जण खुर्ची व्हायची, दुसरी तिच्या मांडीवर बसायची, तिसरी त्या दोघींना ओढणीनं बांधायची. मी त्यांना रागावले आणि त्या दिवसापासून बांधणं बंद केलं. पण ती त्यानंतर कधी खुर्चीतून उतरलीच नाही. बांधायची गरज उरली नव्हती.

पहिली गेली, दुसरी गेली. शाळेत तिचं एकही हाड मोडलं नाही. तिची आई माझ्यावर खूश होती. हंगामात तुरीच्या शेंगा, कधी हुरडा माझ्या स्कूटीच्या डिकीत आणून ठेवायची. केंद्राच्या सभेत कोणीतरी म्हणालं, या मॅडम दिव्यांग मुलीला फार जपतात. मी मान खाली घालून हसले.

याच काळात ती पेन्सिल धरून लवकर दमायला लागली. घरी आधी अंगणभर सरकत फिरायची, ती आता आईला हाक मारायची. आई म्हणायची, "आजार वाढून राह्यला वाटते." मलाही तसंच वाटलं. किंवा तसं वाटून घेणं मला सोपं गेलं.

ती तिसरीत गेली तेव्हा तालुक्याला दिव्यांग मुलांचं तपासणी शिबिर होतं. तिचे वडील ट्रॅक्टरवर कामाला बाहेरगावी गेलेले, म्हणून आईबरोबर मी गेले. तिथे बाहेरून आलेली एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिनं मुलीला सतरंजीवर निजवलं, पाय बघितले, हात बघितले, हळूच विचारलं, "शाळेत दिवसभर काय करते ही?"

मी पुढे झाले. "बसून असते. खूप काळजी घेतो आम्ही. दोन वर्षांत एकदाही पडू दिलं नाही."

तिनं मुलीची पोटरी तळहातावर घेतली. "हे बघा मॅडम. इथे स्नायूच राहिला नाही. स्नायू हाडाला ओढतो, काम देतो, म्हणून हाड टिकतं. नुसतं बसवून ठेवलं की आधी स्नायू जातो, मग हाड आणखी पोकळ होतं. मग कूस बदलतानाही मोडतं."

"पन डॉक्टरनंच सांगतलं होतं, जपा म्हनून," आई म्हणाली.

"जपायचंच. हिला पळायला नाही लावायचं, उड्या नाही मारायच्या, कोणाचा धक्का नको. पण हलवायचं. रोज. हिच्या पद्धतीनं." मग ती मुलीकडे वळली. "तुला काय काय येतं गं?"

मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले बसता येते."

फिजिओथेरपिस्टनं पेन काढलं. ती कागदावर लिहायला लागली. मी खिडकीकडे बघत उभी राहिले.

परत येताना ऑटोत मुलगी आईच्या मांडीवर झोपली. आईनं तिच्या पायांवर पदर घातला. मग म्हणाली, "मॅडम, तुमीच म्हनत होत्या ना, बसून राहू द्या म्हनून."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"मले मालूम नव्हतं," मी म्हणाले. ते खरं होतं. पण मी कोणाला विचारलंही नव्हतं. दोन वर्षं फोन माझ्या हातात होता. साडीचे डिझाइन मी त्यावर शोधले, बदलीचे नियम शोधले. या आजाराचं नाव एकदाही शोधलं नाही.

तो कागद मी वहीत चिकटवला. हाताला धरून ओढायचं नाही. काखेत हात घालून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खालून सरकवून, पाठीला आधार देऊन उचलायचं. अंग पिळवटेल असं काही नाही, झटका नाही. वस्तू हलक्या. बसून, निजून, जमलं तर पाण्यात. शेवटची ओळ होती, थकली की थांबा.

दुसऱ्याच दिवशी मी वर्गातल्या सतरंज्या कडुनिंबाखाली टाकल्या. दोन खुंट्यांना सुतळी बांधली आणि फुगा आणला. नियम एकच, कोणी बूड उचलायचं नाही. सगळ्या वर्गानं बसून खेळायचं. लांब पायांची, नेहमी जिंकणारी मुलं गोंधळली. फुगा वर गेला की ती आपोआप उठायची आणि बाद व्हायची. तिला मात्र बसून कसं खेळायचं हे शिकवावं लागलं नाही. दोन वर्षं ती दुसऱ्यांचे खेळ बघत होती. कोण कुठे मारणार हे तिला आधीच कळायचं. पहिल्या दिवशी तिनं फुगा चारदा मारला आणि दमली. महिन्याभरात ती पूर्ण डाव बसायला लागली.

आई सुरुवातीला रोज यायची. निंदणावरून मधल्या वेळेत यायची, विळा कमरेला तसाच, आणि भिंतीला टेकून बघत बसायची. एकदा मुलगी फुग्यासाठी बाजूला झुकली तर आई उठून उभी राहिली. मुलगी सावरली. आई पुन्हा बसली.

पाण्याचं कसं करावं हा प्रश्न होता. पोहायचा तलाव गावात कुठून असणार. शाळेच्या मागे एका मोठ्या शेतकऱ्याचा मळा होता, विहिरीजवळ सिमेंटचा हौद, कमरेएवढा खोल. मी त्या घरच्या मालकिणीला भेटले. ती म्हणाली, "आमच्या म्हशी पानी पेतात त्यात. लेकराले उतरवता काय?" पण दोन दिवसांनी तिनं गड्याकडून हौद घासून घेतला, चुना लावला, पुन्हा धुऊन भरून ठेवला. म्हशींसाठी बाजूला अर्धं पिंप कापून ठेवलं.

दुपारपर्यंत उन्हानं पाणी कोमट व्हायचं. सलवार-कमीजसकट मी आत उतरले. आईनं मुलीला कागदात लिहिल्याप्रमाणे खालून तळवे घालून माझ्याकडे दिलं. पाण्यात तिचं वजन कुठे गेलं कळेना. तिनं हौदाचा काठ घट्ट धरला. मी तिचे पाय हळूहळू खाली सोडले.

"मॅडम, खाली हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"जमीन."

पाणी तिच्या काखेपर्यंत होतं. ती उभी होती. आपल्या पायांवर शेवटची कधी उभी राहिली होती हे आईलाही सांगता आलं नाही. आई हौदाच्या काठावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मालकीण म्हणाली, "रडतं काहून वं, उभी तर हाय." मीही तिथे रडले असते तर बरं झालं असतं. पण मला त्या वेळी सारखं एकच वाटत होतं, की हे दोन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी आम्ही हौद बंद केला. फुगा आणि सतरंजी चालू राहिली. आता तिला दंडात थोडी ताकद आली होती. खुर्चीतून सतरंजीवर ती स्वतः उतरायची. गावात बोलणं होतं, मॅडमनं पोरीले उभं केलं. पूर्वी मी तिला बसवून ठेवत होते म्हणून शाबासकी मिळाली होती, आता हलवत होते म्हणून मिळत होती. दुसरी शाबासकी मला जास्त गोड लागली. तिथेच माझं चुकायला लागलं.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला मी मुलींची लेझीम बसवायची. त्या वर्षी ठरवलं, तिलाही घ्यायचं. पहिल्या ओळीत, मध्यभागी, खुर्चीत. खरी लेझीम तिला झेपणारी नव्हती. मी बांबूची बारीक काडी, कागदाची फुलं आणि चार घुंगरं घेऊन तिच्यापुरती एक केली. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ठेका संथ, चार आवर्तनं झाली की ती हात मांडीवर ठेवणार आणि बाकीच्या मुली पुढचं करणार. तालमीला हे अगदी छान बसलं होतं.

त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. पाहुणे उशिरा आले. मुलं तासभर मैदानात बसून होती, तीही. माझ्या मनात आलं की तिचे हात चोळून, थोडे हलवून घ्यावेत. पण मी पाहुण्यांचे हार आणि माईक बघत होते.

लेझीम सुरू झाली. चार आवर्तनं झाली, तिनं ठरल्याप्रमाणे हात खाली घेतले. बाया टाळ्या वाजवत होत्या. तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले, "खुर्चीतल्या मुलीचं फार कौतुक. पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या." सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. सर हसून मान हलवत होते.

मी तिच्या खुर्चीजवळ गेले, वाकले.

"मॅडम, हात दुखून राह्यला," ती हळूच म्हणाली.

मी म्हणाले, "फक्त एकदा, बेटा."

तिनं काडी उचलली. हलगीवाल्यानं ठेका धरला, तो तालमीपेक्षा जलद होता. मी त्याला हात करू शकले असते. तिसऱ्या आवर्तनाला तिची काडी मांडीवर पडली. ती रडली नाही. चेहरा एकदम पांढरा झाला आणि डावा हात उजव्या हातानं दंडाजवळ धरून ती तशीच बसून राहिली. कोणी ढकललं नव्हतं, ती पडली नव्हती. मला बघताक्षणी कळलं.

आई बायांच्या घोळक्यातून धावत आली. मी लाकडी पट्टी आणि रुमालांनी हाताला आधार देत होते. आई काही विचारायच्या आतच मुलगी म्हणाली, "मीच जोरात फिरवला, आई. मॅडम नको म्हनत होत्या."

आजूबाजूला सर होते, पाहुणे होते, मालकीण होती. सगळ्यांनी ऐकलं. मी रुमालाची गाठ मारत होते. मी काहीच बोलले नाही.

पाहुण्यांच्याच गाडीतून तिला वाशिमला नेलं. एक्स-रेमध्ये दंडाचं हाड मोडलेलं दिसलं. प्लास्टर होईपर्यंत मी आणि आई बाहेर बाकावर बसलो. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी मला दिली. म्हणाली, "पोट्टीची खोडच तशी हाय, आयकत नाही कोनाचं. तुमी नका मनाले लावून घेऊ." मी ते पाणी प्यायले.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. "झालं ते झालं. आता हे सगळं बंद. फुगा नाही, हौद नाही. ती व्हरांड्यात बसली तेच बरं होतं." मी "हो सर" म्हणाले. आणि मला हलकं वाटलं. खरं सांगते, छातीवरून दगड उतरावा तसं. आता पुन्हा काही मोडलं तर ते माझ्या हातून नसणार, एवढंच डोक्यात होतं.

ती शाळेत परत आली तेव्हा मार्च लागला होता. हात सुटला होता, बारीक झाला होता. खेळाच्या तासाला मी तिला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं. तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही बसवलं. आठवडा असाच गेला. मग एक दिवस मी तिला खुर्चीत ठेवून वळले तर ती म्हणाली, "मॅडम, मी खोटं कायले बोलली होती मग?"

मी थांबले.

"मले वाटलं, तुमचं नाव घेतलं तर आई खेळू देनार नाही. म्हनून मी माझं नाव घेतलं. आन तुमीच बंद केलं."

नऊ वर्षांची होती. ती हे मोठ्यानं बोलली नाही, मैदानातल्या मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली. तेव्हासुद्धा ती मला सांभाळत होती.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेले. हळद उकडून अंगणभर वाळत टाकली होती, आणि तिची आई चार बायांबरोबर हळकुंडांची मुळं तोडत बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. मी तिला बाजूला बोलावलं. आम्ही विहिरीच्या कठड्यापाशी उभ्या राहिलो.

मी सांगितलं. ती हात दुखतो म्हणाली होती, आणि मी तिला अजून एकदा कर म्हणाले. तिनं तुम्हाला खोटं सांगितलं आणि मी ते चालू दिलं. ओढणीचंही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना.

आईनं हातांची हळद लुगड्याला पुसली.

"ओढनीचं मले मालूम होतं," ती म्हणाली. "तिनं घरी सांगतलं होतं. मले वाटलं, बरंच हाय, पडनार नाही." मग म्हणाली, "आन हाताचं बी मले दिसलं होतं. दुखलं का ती खांदा वर उचलते, लहानपनापासून. मी पाहून राह्यली होती तिथून. उठली नाही मी. लोक टाळ्या वाजवून राह्यले होते माझ्या पोरीसाठी. मले बी बरं वाटून राह्यलं होतं."

मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा म्हणेल जाऊ द्या. तिनं दोन्ही केलं नाही. माझ्यावरचा तिचा पूर्वीचा विश्वास त्या दिवशी गेला, हे मला तिच्या पुढच्या बोलण्यातून कळलं.

"हौदात उतरवा तिले," ती म्हणाली. "पन आता आत मी उतरीन. तुमी काठावर उभ्या राहा."

मी बरं म्हणाले.

सरांना मी लेखी दिलं की जबाबदारी माझी आणि पालकांची आहे. सर नाराज झाले, पण त्यांनी अडवलं नाही. उन्हाळा लागल्यावर फिजिओथेरपिस्टला पुन्हा भेटायला गेलो तेव्हा तिनं दंड दाबून पाहत विचारलं, "हा कसा मोडला?" मुलगी माझ्याकडे बघायला लागली. या वेळी मी आधी बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "थंडीत, तासभर बसून आखडलेली, दमलेली, आणि ठेका वाढवला. मोडणारच होतं." मग जुना कागद मागितला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "थकली की थांबा, असं मी लिहिलं. थांबा कोणी म्हणायचं ते नाही लिहिलं. ती म्हणेल तेव्हा थांबायचं. तुम्ही दोघींनी ठरवायचं नाही."

मुलीनं हे लगेच उचललं. पुढच्या वर्षभरात तिनं थांबा हा शब्द इतका वापरला की मुलं वैतागली. डाव हरायला आला की तिचा हात दुखायचा. मला कळायचं. तरी मी प्रत्येक वेळी फुगा धरला. कोणता थांबा खरा आणि कोणता खोटा, हे ठरवायचा हक्क मी गमावला होता.

ती चौथी पास झाली. तिला कधी चालता आलं नाही, पुढेही येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण ती स्वतः पलंगावरून खुर्चीत जाते, चाकाची खुर्ची स्वतः ढकलते, पाण्यात काठ सोडून तरंगते. माझी बदली मंगरूळपीर तालुक्यात आसेगावकडे झाली. निरोप समारंभाला सर बोलले, पालक बोलले, दिव्यांग मुलीसाठी मॅडमनं काय काय केलं ते सांगितलं. तिची आई मागच्या रांगेत होती. तिला बोलायला उठवलं तर ती म्हणाली, "मॅडम चांगल्या हायेत," आणि बसली. त्यापुढे ती काही बोलली नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

आता ती सातवीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला. पलंगावर कूस बदलताना मुलीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. मी ऐकलं आणि मनात सगळ्यात आधी जे आलं ते असं होतं, की या वेळी मी नव्हते. तिच्या दुखण्याचं नंतर आलं. फोन कानाला तसाच धरून मी वर्गाबाहेर उभी राहिले. इतक्या वर्षांनंतरही पहिलं तेच आलं, याची मला लाज वाटली.

"कशी हाय आता?" मी विचारलं.

"पाय बांधून पडली हाय," आई म्हणाली. "पन हात मोकळे हायेत. शेजारच्या पोट्ट्या येतात, पलंगावर फुगा खेळून राह्यल्या. थांबा थांबा करून त्याहिले पार पिदाडून टाकलं."

मागून तिचा आवाज ऐकू आला, पूर्वीसारखाच मोठा. कोणाला तरी ती सांगत होती, तुह्या बोटाले लागला, मी पाहिला. आईनं विचारलं, "बोलता का तिच्याशी?" मी हो म्हणाले. पण तिचा डाव चालू होता. मी डाव संपेपर्यंत फोन धरून थांबले.